चांदणीचा तारांकित प्रश्न

पेंडीच्या धंद्यात थप्पी लावली की वरचं पोतं आधी विकलं जातं आणि तळाचं तसंच दबून राहतं. किश्श्यांचंही तेच. ताजा किस्सा रोज कुणीतरी उचलून नेतो, जुने खाली साचत जातात. आमच्या बाकड्यावरच्या किश्श्यांची थप्पी आता छताला टेकली आहे, म्हणून आज तळापासून काढायला बसलो आहे.

रेणापुरात माझं सरकी पेंडीचं दुकान आहे. लोक मला अप्पा म्हणतात. दुकानासमोर एक लाकडी बाकडं आहे, आणि संध्याकाळी त्यावर तिघं हटकून येतात. जोशी सर म्हणजे नागरिकशास्त्र शिकवून रिटायर झालेले. वकीलसाब म्हणजे तालुका कोर्टात प्रॅक्टिस करणारे, उन्हाळ्यातही काळा कोट न काढणारे. आणि मारोतराव, जवळच्या गावचे शेतकरी. देवणी गाई पाळण्याचा त्यांना नाद. समोरचा चहावाला आम्हाला मंत्रिमंडळ म्हणतो. "मंत्रिमंडळाला चार हाफ!" अशी त्याची आरोळी पार तहसीलपर्यंत जाते.

\*

मंत्रिमंडळ म्हणतात तर मंत्र्यांचे कायदे तरी माहीत असावेत, असं मला वाटायचं. एकदा नांदेडला बस चुकली. स्टँडवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर मराठीतली राज्यघटना दिसली. एवढं जाडजूड पुस्तक एवढ्या कमी भावात! व्यापाऱ्याचा हात आपोआप पुढे जातो. घेतलं. लातूर येईपर्यंत मंत्र्यांचं कलम वाचून झालं होतं.

त्यात लिहिलंय की राज्यपालांची मर्जी आहे तोवर मंत्री पदावर राहतो. मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, "म्हणजे सर, राज्यपालांचं डोकं फिरलं की मंत्री घरी?"

"तसं नाही अप्पा. मर्जी राज्यपालांची म्हणायची, पण ती चालते मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानं. सही एकाची, निर्णय दुसऱ्याचा."

मला काही केल्या हे उमजेना. आमचं घर दुकानाच्या मागेच आहे. आतून बायकोचा आवाज आला, "त्यात न समजण्यासारखं काय आहे? दुकानाच्या पाटीवर तुमचं नाव नाही का?"

सरांनी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण एवढं सोपं उदाहरण आपल्याला सुचलं नव्हतं, असं ते आजही कबूल करतात.

\*

आता मारोतरावांचा मामला.

त्यांच्या गावात जनावरांचा दवाखाना आहे. इमारत आहे, पाटी आहे, दाराला कुलूप आहे. डॉक्टर नाही. आधीचे डॉक्टर बदलून गेले आणि जागा रिकामी राहिली. मागच्या साली मारोतरावांची चांदणी व्यायला आली. काळ्या तोंडाची गाय, कपाळावर पांढरी चांदणी. वासरू आडवं आलं. डॉक्टरला फोन लावला तर ते दुसऱ्या तालुक्यात. येईपर्यंत वासरू गेलं. चांदणी कशीबशी वाचली.

आता ती पुन्हा गाभण होती. मारोतराव रोज बाकड्यावर येऊन एकच सांगायचे, "अप्पा, औंदा काय इपरीत झालं तर गाय बी जाती बगा." त्यांची लेक सासरी जाताना चांदणीच्या गळ्यात पडून रडली होती. बापाच्या नाही.

वकीलसाब एक दिवस म्हणाले, "मारोतराव, या खात्याला मंत्री आहे. तो विधानसभेला जबाबदार आहे. त्याला विचारता येतं."

"कुनाला? मला?"

"तुम्हाला नाही. आमदाराला. सभागृहात प्रश्न टाकायचा. तारांकित."

"तारांकित मंजे?"

सर म्हणाले, "प्रश्नापुढे चांदणी काढतात. चांदणी असली की मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. त्यावर उलट विचारता येतं. चांदणी नसली तर नुसतं लेखी."

मारोतराव एकदम खूष. "मंग झालंच की. आपल्या गाईच्या कपाळावरच हाय."

\*

प्रश्न लिहायला आमदारसाहेबांचा पीए दुकानात आला. त्याला ठरलेली पद्धत पाठ होती. तो सांगत होता आणि सर लिहीत होते. "सदर दवाखान्यात डॉक्टरचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

मारोतरावांनी अडवलं. "खरं हाय की. खरं हाय काय म्हनून कामून इच्यारून राहिले?"

"पद्धत आहे काका."

"आन् नसल्यास मंजे? नसलं तर मी हितं कशाला आलो?"

पीए म्हणाला, "काका, मंत्र्याला पळवाट ठेवावी लागते. नाही ठेवली तर तो खिडकीतून जातो."

पीएनं आमदारसाहेबांची सही घेतली, प्रश्न मुंबईला गेला. मारोतरावांनी त्या दिवशी चांदणीला अर्धं पोतं पेंड जास्त नेली. तिच्या नावानं विधानसभेत प्रश्न लागला म्हटल्यावर तिचा आहारही तसाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

\*

उत्तर आलं. सरांनी बाकड्यावर मोठ्यानं वाचलं.

पद रिक्त आहे, हे खरे आहे काय? उत्तर : अंशतः खरे आहे.

कोणती कार्यवाही केली? उत्तर : शेजारच्या डॉक्टरांकडे अतिरिक्त कार्यभार देण्यात आला आहे.

विलंबाची कारणे काय? उत्तर : प्रश्न उद्भवत नाही.

मारोतरावांनी विचारलं, "सर, अंशतः मंजे?"

"थोडंसं. काही भाग."

"मंजे डॉक्टर थोडासा हाय?"

"तसंच म्हणायचंय त्यांना."

"मंग माझं वासरू काय थोडंसं मेलं का?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. वकीलसाबांनी चहा सांगितला. मारोतरावांनी तो घेतला नाही, उठून गेले.

आम्ही मात्र वाईट माणसं. तो शब्द आम्ही सोडला नाही. महिनाभर बाकड्यावर सगळं अंशतः चाललं होतं. चहा अंशतः गोड, पाऊस अंशतः पडला. मला साखरेचा त्रास आहे. बायकोनं विचारलं, "जिलेबी खाल्लीत काय?" मी म्हणालो, "अंशतः खरे आहे."

"मग आता जेवायला वाढू का?"

"वाढ की."

"प्रश्न उद्भवत नाही," म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

\*

वकीलसाब एकदा आम्हाला सामुदायिक जबाबदारी समजावून सांगत होते. मंत्रिमंडळाचा निर्णय तो सगळ्यांचा निर्णय. आत कितीही भांडा, बाहेर येऊन "माझा विरोध होता" म्हणता येत नाही. एकानं आपल्या खात्यात शेण खाल्लं तरी विधानसभेला सगळे मिळून जबाबदार. अविश्वास ठराव पास झाला तर सगळे मिळून घरी.

त्याच संध्याकाळी मंत्रिमंडळानं एकमतानं मिरचीभजी मागवली. सरांना ॲसिडिटी आहे, पण त्यांनीच पहिला हात घातला. तेवढ्यात सरांच्या बाई भाजी घेऊन समोरून आल्या.

"हे काय चाललंय?"

सर भजं हातात धरून म्हणाले, "अगं, माझा विरोध होता. यांनीच मागवली."

वकीलसाब उठून उभे राहिले. कोर्टात राहतात तसे. "वहिनी, मंत्रिमंडळात बसून भजी खायची आणि बाहेर विरोध सांगायचा, हे संसदीय पद्धतीत चालत नाही. विरोध असेल तर सरांनी आधी राजीनामा द्यावा."

सरांनी भजं खाली ठेवलं. "दिला," म्हणाले, आणि बाईंच्या मागे पिशवी धरून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी आले आणि बाकड्यापाशी उभेच राहिले. मी म्हणालो, "बसा की सर."

"बसतो. आधी शपथ कोण देतंय ते सांगा."

\*

पेंडीचा माल मी हदगावकडून आणतो. तिकडे कापूस, जिनिंग, सरकी भरपूर. शिवाय माझे व्याही तिथलेच. त्या अंशतःच्या महिन्यात गेलो तर व्याही कावलेले. त्यांचा मेव्हणा "दोन दिवस येतो" म्हणून आला होता आणि मुक्काम ठोकून बसला होता. ना शेतात जायचा, ना दुकानात बसायचा. वर सगळ्यांना हुकूम.

मी म्हणालो, "व्याहीबुवा, घटनेत याचा इलाज आहे. मंत्री ना विधानसभेत, ना विधान परिषदेत असला तर सहा महिने चालतं. तेवढ्यात निवडून यायचं, नाही तर खुर्ची सोडायची. तुमचा मेव्हणा कोणत्या सभागृहाचा सदस्य आहे?"

व्याह्यांना हे फार आवडलं. त्यांनी जेवताना मेव्हण्याला कलम ऐकवलं. मेव्हणा शांतपणे भाकरी मोडत होता. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हिमायतनगरला गेला. व्याह्यांनी मला फोन करून आभार मानले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "अप्पा, तो परत आला. म्हणतो, एक दिवस बाहेर राहून आलो, आता सहा महिने नव्यानं सुरू."

मी वकीलसाबांना विचारलं. ते म्हणाले, "ही युक्ती खऱ्या मंत्र्यानंही करून बघितली होती. सुप्रीम कोर्टानं हाणून पाडली. निवडून आल्याशिवाय दुसरी शपथ नाही."

मी तसं कळवलं. व्याही म्हणाले, "ते खरं हो. पण हिथलं सुप्रीम कोर्ट त्याची बहीण आहे."

त्या हदगावच्या मुक्कामातही मारोतरावांचा फोन यायचा. मालाचा भाव विचारायचे नाहीत, माझी तब्येत विचारायचे नाहीत. "अप्पा, तितं जनावराचा डॉक्टर हाय का?"

"आहे."

"अख्खा?"

"अख्खा."

"नशीब हाय लोकांचं," म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

\*

आमदारसाहेबांनी मात्र पिच्छा सोडला नाही. सभागृहात उभं राहून उलट प्रश्न विचारला, "अध्यक्ष महोदय, अंशतः म्हणजे किती?" आम्ही वकीलसाबांच्या मोबाईलवर चौघं डोकी लावून बघत होतो. मागचे लोक हसले, मंत्रीही हसले आणि म्हणाले, "सदर पद लवकरात लवकर भरण्यात येईल."

मारोतराव म्हणाले, "आसं तर आमच्या गावात येऊन बी म्हणले होते. विलेक्शनला."

सर म्हणाले, "ते भाषण. हे आश्वासन. सभागृहात मंत्र्यानं शब्द दिला की त्याची नोंद होते. आश्वासन समिती असते. ती मंत्र्याच्या खात्याला विचारते, दिलेल्या शब्दाचं काय केलं?"

"मंजे पाळावंच लागतं?"

सर जरा घुटमळले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "पाळावंच लागतं असं नाही. का पाळलं नाही, ते सांगावं लागतं."

मारोतराव म्हणाले, "माझ्या घरी गाय सांभाळाय गडी हाय. त्यो बी आसंच सांगतो."

\*

चांदणीचे दिवस भरत आले आणि नेमकं त्याच आठवड्यात लातूरला पशुप्रदर्शन लागलं. उद्घाटनाला तेच मंत्री.

त्या दिवशी सकाळीच मारोतरावांचा फोन. "अप्पा, सुरू झालं. पाय दिसून राहिला, एकच. मागच्यावानीच हाय."

मी अतिरिक्त कार्यभारवाल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मी लातूरला आहे. मंत्री येणार म्हणून सगळ्या डॉक्टरांना इथंच बोलावलंय. शेजारचेही इथं, पलीकडचेही इथं." माणूस चांगला होता. हळूच म्हणाला, "मला इथून हलता येत नाही हो. तुम्ही गायीला हलवता येतं का बघा."

पेंडीचा टेम्पो माझ्या दारातच उभा होता. पोती उतरवली, कडबा पसरला, सरांना आणि वकीलसाबांना घेऊन मारोतरावांच्या गावी गेलो आणि चांदणीला चढवलं. मारोतराव तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले. आम्ही तिघं पुढे. वकीलसाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा कोट काढला आणि गायीच्या अंगावर टाकायला दिला.

मैदानाच्या गेटवर पोलिसानं अडवलं. "नोंदणी हाय का? गट कोणता? गाभण का दुभती?"

मारोतराव मागून म्हणाले, "आत जाताना गाभन. भायेर येताना दुभती. सोडा."

त्यानं सोडलं.

आत गेलो. स्टेजच्या समोर डॉक्टर लोक ओळीनं उभे, कुणाच्या हातात गुच्छ, कुणाच्या हातात शाल. मंत्री भाषणात म्हणत होते, "आज जिल्ह्यात पशुवैद्यकीय सेवा शेतकऱ्याच्या दारात पोचली आहे." तेवढ्यात आमचा टेम्पो थेट स्टेजपुढं येऊन थांबला आणि चांदणी हंबरली. असं हंबरली की माईकपण कुरकुरला.

मंत्री थांबले. "काय झालं?"

मारोतराव टेम्पोतूनच ओरडले, "सायेब, सेवा दारात आली न्हाई, म्हनून दार हिकडं घेऊन आलो!"

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. गुच्छ खाली पडले. आमच्या फोनवरचे डॉक्टर शर्टाच्या बाह्या वर करत टेम्पोत चढले, मागून आणखी दोघं. आत मुडपलेला दुसरा पाय सरळ केला. मारोतराव चांदणीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते. सर मान वळवून उभे होते, त्यांना बघवत नव्हतं. मी बघितलं. ओलं, काळंपांढरं वासरू कडब्यावर घसरत आलं. पडून राहिलं. डॉक्टरांनी नाकातोंडातलं पुसलं, छाती चोळली, काडीनं नाकपुडीत गुदगुल्या केल्या, आणि ते शिंकलं.

मैदानभर टाळ्या. निवेदकाला सवयीनं जे तोंडात येतं तेच आलं. माईकवर म्हणाला, "माननीय मंत्री महोदयांच्या शुभहस्ते वासराचे आगमन झालेले आहे!"

मारोतराव कडब्यात बसून लहान लेकरासारखे रडत होते. मंत्री स्टेजवरून खाली आले. वासराच्या पाठीवरून हात फिरवला, फोटो झाले. मारोतरावांच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डॉक्टर देतो तुम्हाला. लवकरात लवकर."

\*

पुढच्या अधिवेशनात आमदारसाहेबांनी पुन्हा चांदणी काढून प्रश्न टाकला. पद अद्याप रिक्त आहे, हे खरे आहे काय? रिक्त ठेवण्याची कारणे काय आहेत?

उत्तर आलं : सदर गायीची प्रसूती माननीय मंत्री महोदयांच्या उपस्थितीत सुखरूप झाली असल्याने प्रश्न उद्भवत नाही.

\*

हिवाळ्यात मारोतरावांच्या गावच्या दवाखान्याला रंग लागला. नवी पाटी, नवं गेट, नवं कुलूप. नूतनीकरणाचं उद्घाटन करायला मंत्री स्वतः आले. आम्ही मंत्रिमंडळ पूर्ण संख्येनं हजर होतो. मारोतराव वासरू घेऊन आले होते. अंगानं भरलेलं, चकचकीत, आईसारखीच कपाळावर चांदणी. माझ्या पेंडीवर वाढलेलं आहे, हे मी चार जणांना सांगितलं.

फीत कापून झाली. मंत्र्यांनी वासरू लगेच ओळखलं. त्यांना फार आनंद झाला. फोटोवाल्याला जवळ बोलावलं, वासराच्या गळ्यात हात टाकला आणि विचारलं, "तेच ना हे? केवढं झालं! नाव काय ठेवलं?"

"आश्वासन," मारोतराव म्हणाले.

"अरे वा! असं का?"

मारोतरावांनी वासराचं दावं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"दिलं तुमी सायेब. पाळून राहिलो मी."